झाकणाच्या आतला ‘स’

आमचा धाकटा पाचवीत होता तेव्हाची गोष्ट. शाळा सुरू होऊन पंधरा दिवसही झाले नव्हते आणि त्याची नवी कोरी कंपासपेटी हरवली. पोराने रडून घर डोक्यावर घेतलं नाही. रात्री जेवणं झाली की आमच्याकडे कौटुंबिक प्रार्थना होते, तेव्हा डोळे घट्ट मिटून त्याने प्रभूला सांगितलं की माझी पेटी सापडू दे. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्रीही तेच, आणि त्या रात्री ‘आमेन’ म्हणून झाल्यावर त्याने पलंगाखाली एकदा वाकून बघितलं.

त्या वाकून बघण्याने माझ्या पोटात कालवलं. मी वीस वर्षं संडे स्कूलला शिकवलेली बाई. देव लेकरांचं ऐकतो, हे दर रविवारी चटईवर बसलेल्या पोरांना छातीठोकपणे सांगणारी. आणि आता माझ्याच घरात देव ऐकेना! चौथ्या रात्री हा पुन्हा वाकून बघणार, पाचव्या रात्री बघणार नाही, आणि मग हळूहळू डोळे मिटणंही सोडून देणार, असं सगळं चित्र मला रात्रभर दिसत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेले आणि अगदी तशीच पेटी विकत आणली. घरी येऊन ओट्याच्या कडेवर घासून तिचा कोरेपणा घालवला. वरवंट्याने एक कोपरा हलकेच चेपला. आत त्याचीच एक बोथट पेन्सिल टाकली आणि पेटी पलंगाखाली ट्रंकेच्या मागे सरकवून दिली. सकाळी केर काढताना हाक मारली, “अरे, हे बघ काय सापडलं!” पोरगं आलं, पेटी घेतली, उघडली. जरा वेळ बघत राहिलं. “सापडली,” म्हणालं. रात्री मी त्याला आभाराची प्रार्थना करायला लावली. त्याने केली. दोन वाक्यांत आटोपली, पण केली.

आठ दिवसांनी मी भाकऱ्या थापत होते. तो येऊन शेजारी बसला.

“आई, ती पेटी माझी नाहीये.”

“म्हणजे?”

“माझ्या पेटीच्या झाकणाच्या आत मी कर्कटकने ‘स’ कोरला होता. खूण म्हणून.”

मी विचारलं, “तुला कधी कळलं?” म्हणाला, “त्याच दिवशी. उघडल्यावर.” मग मी असा प्रश्न विचारला की त्याची आजही लाज वाटते. “मग रात्री देवाचे आभार कशाला मानलेस?”

“तू सांगितलंस म्हणून.”

तव्यावरची भाकरी करपली त्या दिवशी.

आई-बाबांनो, हे सगळं इतक्या तपशिलात सांगण्याचं कारण एवढंच, की आपल्या ख्रिस्ती घरांमधून मुलांच्या विश्वासाची काळजी खूप केली जाते, आणि त्या काळजीपोटी आपण काय काय करून बसतो ते कुणी बोलत नाही. मला वाटत होतं मी पोराचा विश्वास वाचवते आहे. प्रत्यक्षात मी त्याला तीन गोष्टी शिकवल्या होत्या. एक, देवाला स्वतःचं काम करता येत नाही, आईला मागच्या दाराने मदत करावी लागते. दोन, प्रार्थना ही मोठ्यांचं मन राखण्यासाठी करायची असते. आणि तीन, आई सांगते ते सगळं खरं असतंच असं नाही. यातली तिसरी सगळ्यांत महाग पडली. कारण पहिल्या दोन्ही तिच्याच पोटात आहेत.

माणसाचा पहिला विश्वास देवावर बसत नाही, दुधावर बसतो. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने 1950 साली ‘चाइल्डहूड अँड सोसायटी’ या पुस्तकात मुलाच्या वाढीचे टप्पे मांडले. त्यातला अगदी पहिला टप्पा, वयाच्या पहिल्या वर्षाचा, त्याने विश्वास विरुद्ध अविश्वास असा सांगितला आहे. रडल्यावर कुणी येतं का? भूक लागल्यावर मिळतं का? बाळ एवढंच तपासत असतं. आपल्या आज्या हे पुस्तक न वाचता जाणून होत्या. बाळ रडलं की हातातलं दळण टाकून उठायच्या.

याच्याही पुढची एक गंमत सांगते. लहान मुलासमोर एक गोड वडी ठेवायची आणि सांगायचं, मी येईपर्यंत खाल्ली नाहीस तर दोन देईन. वॉल्टर मिशेल यांनी अमेरिकेत स्टॅनफर्डला 1960 च्या दशकाअखेरीस सुरू केलेला हा प्रयोग आता सगळ्यांना ठाऊक आहे, पालकसभांमधून तर तो ऐकून ऐकून कान किटले. थांबणारं मूल संयमी, खाणारं उतावळं, असा त्याचा सरळ अर्थ लावला जायचा. पण 2013 साली रॉचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याच्या आधी एक छोटीशी पायरी जोडली. तीन ते पाच वर्षांची 28 मुलं घेतली. त्यांना आधी वापरलेले, जुने खडू दिले आणि सांगितलं, थांबा, याहून चांगले आणून देते. निम्म्या मुलांना खरोखर नवे आणून दिले. उरलेल्यांना परत येऊन सांगितलं, चुकलं हं, नाहीत आमच्याकडे. स्टिकरच्या बाबतीतही तेच केलं. आणि त्यानंतर गोड वडी समोर ठेवली.

ज्यांना शब्द पाळणारी बाई भेटली होती ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना शब्द मोडणारी भेटली होती ती तीन मिनिटं. पूर्ण पंधरा मिनिटं थांबणारी पहिल्या गटातल्या चौदांपैकी नऊ, दुसऱ्या गटात चौदांपैकी एक.

दुसऱ्या गटातली मुलं काही वाईट वळणाची नव्हती. शहाणी होती. जी बाई दोनदा रिकाम्या हाताने आली, ती तिसऱ्यांदा दोन वड्या घेऊन येईल म्हणून कोण थांबणार?

आता आपली घरं आठवा. “पाच मिनिटांत येते” म्हणून आपण तासाभराने येतो. “रविवारी नक्की जाऊ” असं म्हणतो आणि रविवारी झोप काढतो. दवाखान्याच्या दारात “काही टोचणार नाहीत, डॉक्टरकाका फक्त बघणार आहेत” असं सांगून आत नेतो, आणि आतमध्ये स्वतःच त्याचा दंड घट्ट धरतो. ही शेवटची लबाडी तर इतकी सर्रास चालते की तिला लबाडी म्हटलं तर लोक हसतात. आणि हेच आपण रात्री त्या मुलाला सांगणार, की बाळा, देव दिसत नाही पण तो आपला शब्द पाळतो. कशाच्या जोरावर त्याने हे खरं मानायचं? शब्द पाळणं कशाला म्हणतात, हे त्याने कुठे पाहिलं आहे?

पेटीच्या प्रकरणानंतर मी एवढंच केलं, की इंजेक्शनच्या वेळी खरं सांगायला लागले. दुखेल. लाल मुंगी चावल्यासारखं दुखेल, आणि मग थांबेल. मी हात सोडणार नाही. पहिल्यांदा तो दुप्पट रडला, खोटं कशाला बोलू. पण सुई बाहेर आल्यावर माझ्याकडे बघून म्हणाला, “मुंगीपेक्षा जरा जास्त.” पुढे केव्हातरी तेविसावं स्तोत्र शिकवताना माझ्या लक्षात आलं, की त्यात अंधाऱ्या दरीतून जावं लागणार नाही असं आश्वासन कुठेच नाही. सोबत असेन, एवढंच आहे. दवाखान्याच्या बाकावर मी मुलाला जे सांगायला शिकले, ते मेंढपाळ फार पूर्वी सांगून बसला होता.

माझी आजी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. पाऊस बेभरवशाचा, दुष्काळ पाचवीला पुजलेला. तिला धड वाचता येत नव्हतं. पण तिच्या चुलीजवळ एक पत्र्याचा डबा असायचा. भाकरीचं पीठ काढलं की त्यातली एक मूठ त्या डब्यात जायची. रोज. घरात पीठ कमी असलं तर मूठ लहान व्हायची, चुकायची मात्र नाही. महिन्याच्या शेवटी तो डबा देवळात जायचा आणि पाळकसाहेब तो कुणाकडे द्यायचा ते ठरवायचे. (आमच्याकडे जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणत. माझ्याही तोंडात तेच बसलं आहे.) पुढे कळलं, की दूर मिझोराममध्ये तर सगळी मंडळीच्या मंडळी हे करते. स्वयंपाकाला तांदूळ घेतला की एक मूठ बाजूला काढायची, याला ते ‘बुहफाइ थम’ म्हणतात. 1910 च्या सुमाराला सुरू झालेली ही रीत आजही चालू आहे, आणि तिच्यावर तिथल्या प्रेस्बिटेरियन चर्चचं मोठं सेवाकार्य उभं आहे.

मला या मुठीचं एवढं अप्रूप का, ते सांगते. आजीने आम्हाला दानधर्माबद्दल एक अक्षर कधी शिकवलं नाही. पण मी तिच्या शेजारी गोवरीच्या धुरात बसलेली असायचे आणि पातेल्यातलं पीठ मला दिसत असायचं. आज आपल्याला अर्धी भाकरी कमी येणार आहे, हे सहा वर्षांच्या पोरीलाही कळायचं. तरी मूठ जायची. आजीच्या चेहऱ्यावर त्या वेळी त्याग वगैरे काही नसायचं, खरं तर ती त्या वेळी बहुतेक आजोबांवर करवादत असायची. पण हाताला सवय होती. उद्याचं उद्या बघणारा कुणीतरी आहे, हे त्या हाताला ठाऊक होतं.

मुलांना हे दिसावं लागतं. दशांशाचा चेक किंवा आता मोबाइलवरून पाठवलेली देणगी चांगलीच, पण ती मुलाला दिसत नाही. पातेल्यातून गेलेली मूठ दिसते. हंगामाच्या सणाला देवळात भाजीपाला, धान्य, कोंबड्या घेऊन जायची आणि उपासनेनंतर लिलाव करायचा, ही आपली रीत मला त्यासाठीच आवडते. एका वर्षी धाकट्याने गच्चीवरच्या कुंडीतला एकुलता एक दुधी नेला होता. वेडावाकडा, वीतभर. एका आजोबांनी तो अवाच्या सवा किमतीला घेतला आणि लगेच परत लिलावात टाकला. तीन वेळा विकला गेला तो दुधी. पोरगं दर बोलीला उभं राहून बघत होतं. माझी पाच प्रवचनं ऐकून जे झालं नसतं ते तेवढ्या वेळात झालं.

शास्त्रातही पाहा, देवाने इस्राएल लोकांना रानात खायला घातलं ते कसं? एकदम वर्षाचा शिधा भरून दिला नाही. रोज सकाळी मान्ना पडायचा आणि प्रत्येकाने एक ओमर, म्हणजे त्या दिवसापुरता वेचायचा. उद्याला म्हणून ठेवला तर त्यात किडे पडायचे. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट वेचायची मुभा. गृहिणी म्हणून मला या गोष्टीचा पूर्वी रागच यायचा. साठवणीत गैर काय? पण चाळीस वर्षं रोज सकाळी तंबूबाहेर पडून बघायचं, आहे का आज? आहे! एवढ्या वेळा ‘आहे’ अनुभवल्यावर जो विश्वास मुरतो तो एका मोठ्या चमत्काराने मुरत नाही. याच लोकांनी समुद्र दुभंगलेला पाहिला होता, आणि महिना-दीड महिन्यातच मिसरच्या मांसाच्या हंड्या आठवून कुरकुरायला लागले होते.

म्हणून मला आजकालच्या साक्षींची जरा भीती वाटते. सभेत उभं राहून कुणी सांगतं, प्रार्थना केली आणि ट्यूमर नाहीसा झाला, प्रार्थना केली आणि व्हिसा मिळाला. देवाला अशक्य काही नाही, मी कोण शंका घेणारी. पण समोरच्या रांगेत बसलेल्या ज्या मुलाची आई प्रार्थना करूनही गेली, त्याने काय समजायचं? अशा एका घरी मी भेटीला गेले होते. लेक गमावून तीन आठवडे झाले होते, आणि मंडळीतलं एक जाणतं माणूस त्या आईबापांना सांगून गेलं होतं की तुमचा विश्वास कुठेतरी कमी पडला. मला संताप आवरेना. येशू लाजाराच्या कबरीकडे जाताना रडला तेव्हा त्याचा विश्वास कमी पडला होता का? दुःखात असलेल्या माणसाला डबा नेऊन द्यावा, भांडी घासून द्यावीत. तोंड उघडायचं असेल तर जेवण जास्त झालंय का कमी, तेवढं विचारायला.

उलट टोकही सांगते. काहींना वाटतं विश्वास म्हणजे हातावर हात ठेवून बसणं. ताप आला, प्रार्थना केली, आता डॉक्टर कशाला? अशांना मी मोशेच्या आईची गोष्ट सांगते. पेटीचाच विषय निघाला आहे म्हणून आणखी बरं. तिने बाळाला देवाच्या भरवशावर नदीत सोडलं, हे आपण सांगतो. पण आधी तिने काय केलं? लव्हाळ्यांची पेटी विणवली. तिला डांबर आणि राळ यांनी लिंपलं. उघड्या प्रवाहात न सोडता काठच्या लव्हाळ्यांत ठेवली. आणि मोठ्या मुलीला लांबून पाहत उभं केलं. फटीफटीत डांबर भरणारी ती बाई अविश्वासू नव्हती. डांबर हा तिच्या प्रार्थनेचाच भाग होता. मिरजेला डॉक्टर वानलेस यांनी 1894 साली सुरू केलेलं मिशन हॉस्पिटल आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं. अशा दवाखान्यांमधून शस्त्रक्रियेआधी प्रार्थना करण्याची पद्धत आहे, आणि प्रार्थना करणारा तोच सर्जन हात कोपरापर्यंत घासून धुतो. हेल्मेट घालून शाळेत सोडायला निघा आणि फाटकातून बाहेर पडताना दोन शब्दांची प्रार्थना करा. मुलाला यात काही विसंगत वाटत नाही. विसंगती मोठ्यांना दिसते.

आता आमच्या कालनिर्णयाबद्दल. तुमच्याकडेही भिंतीवर असेलच, आणि चौकोनांत दुधाचे खाडे लिहिलेले असतील. पेटीच्या भानगडीनंतर मी पोराची माफी मागितली. देवाच्या नावाने मी खोटं केलं, असं स्वच्छ सांगितलं. तो ऐकून घेऊन खेळायला निघून गेला. माझ्या यजमानांनी मात्र त्या रात्री दुधाच्या खाड्याशेजारी बारीक अक्षरात लिहिलं, ‘स ची पेटी’. तेव्हापासून ती सवयच पडली. ज्या दिवशी जे मागितलं ते त्या चौकोनात. उत्तर मिळालं की त्याच्याभोवती गोल करायचा. नाही मिळालं तर तसंच ठेवायचं. वर्षअखेरीस नवं कालनिर्णय आलं की जुनं उतरवून सगळ्यांनी मिळून वाचायचं.

अशी अकरा कालनिर्णयं माळ्यावर आहेत. त्यांत गोल न केलेल्या नोंदी भरपूर आहेत. ‘मामाची दारू’ हे तर सलग सहा वर्षं आहे आणि मामा गेला. धाकट्याने एकदा विचारलंही, “हे खोडायचं का?” बाबा म्हणाले, “नको. मागितलं होतं ना आपण? राहू दे.” आमच्या घरात विश्वासाची जी काही वाढ झाली असेल ती गोल केलेल्या नोंदींपेक्षा या न खोडलेल्यांनी जास्त केली असं मला वाटतं. हिशेबाची वही देवासमोर उघडी ठेवायची. ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर अनाथ मुलांसाठी कुणापाशी पैसा न मागता फक्त प्रार्थना करत, हे आपण ऐकलेलं असतं. ते जमाखर्च किती काटेकोर ठेवत, ते सहसा कुणी सांगत नाही. केडगावच्या मुक्ती मिशनच्या पंडिता रमाबाईंवर याच म्युलरांचा प्रभाव होता.

थोरलीचं सांगायचं राहिलं. ती पंधरा वर्षांची झाली आणि एका रविवारी म्हणाली, मी येणार नाही देवळात. मला पटत नाही. घरात वादळ. सासूबाई म्हणाल्या, लाड केलेत, भोगा. मी आधी बोलले, मग ओरडले, मग रडले. हे सगळं व्यवस्थित क्रमाने केलं.

त्या दिवसांत मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा काढली. त्या पुस्तकात आपण नेहमी टिळकांच्या गमती आणि बाईंचे टोमणे वाचून हसतो. या वेळी वेगळंच दिसलं. बाईंच्या यजमानांचा, नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 सालचा. बाईंचा 1900 चा. मधली पाच वर्षं! सुरुवातीची ताटातूट, मग एकत्र आल्यावरही बाईंचं सोवळं वेगळं, स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. आणि मग राहुरीला असताना ते सोवळं आपोआप सुटत गेलं. जाती देवाने केल्या की माणसांनी, हा प्रश्न त्यांचा त्यांना पडला. कुणाच्याही हातचं खायचं, असं त्यांचं त्यांनी ठरवलं. कुणी त्यांच्या तोंडाला पेला लावला नाही. टिळकांसारखा घाईचा, तापट माणूस, पण इथे तो थांबला. मला तर वाटतं, टिळकांनी लिहिलेल्या सगळ्या कवितांपेक्षा त्यांचं हे थांबणं मोठं.

तर आम्ही थोरलीला रविवारी घरी राहू दिलं. फक्त एक केलं. निघताना घराची किल्ली तिच्या हातात द्यायची आणि सांगायचं, दुपारी जेवायला एखादं माणूस जास्त येईल, कुकरला तेवढा तांदूळ लाव. कधी देवळातली एखादी एकटी आजी यायची, कधी परगावचा शिकाऊ पाळक. ती वाढायची, बोलायची. प्रभूवर तिने विश्वास ठेवावा अशी माझी इच्छा होती, पण आधी आपण तिच्यावर ठेवतो आहोत हे तिला कळायला हवं होतं. पुढे ती नियमाने देवळात यायला लागली, असं लिहायला मला आवडलं असतं. ती आता सव्वीस वर्षांची आहे. नाताळला येते, एखाद्या रविवारी अचानक येते, मागच्या बाकावर बसते आणि प्रवचन लांबलं की घड्याळ बघते. पण तिच्या पुण्यातल्या दोन खोल्यांत रविवारी दुपारी कुणी ना कुणी जेवायला असतं. कुकरला एक वाटी जास्त लावण्याची तिची सवय गेलेली नाही. कालनिर्णयात तिची नोंद आहे. गोल केलेला नाही.

दूर गेलेल्या मुलांवरून आठवलं, शमुवेलाच्या आईची, हन्नाची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. नवसाचं पोर दूध तुटल्यावर तिने शिलोच्या मंदिरात नेऊन दिलं. आपण प्रवचनात इथेच थांबतो. पण पहिल्या शमुवेलाच्या दुसऱ्या अध्यायात एक लहानशी नोंद आहे, की ती दरवर्षी त्याच्यासाठी एक छोटा झगा करायची आणि वार्षिक यज्ञाला जाताना घेऊन जायची. शिवणकाम येणाऱ्या बाईला इथे लगेच प्रश्न पडतो. माप कुठून घ्यायचं? मुलगा डोळ्यांसमोर नाही. वर्षापूर्वी पाहिलेला. किती वाढला असेल, खांदे रुंदावले असतील का, सगळं अंदाजाने. शेजारच्या त्याच वयाच्या पोराला उभं करून हात लांब करायला लावत असेल कदाचित.

धाकटा मागच्या जूनमध्ये होस्टेलला गेला. जाताना त्याने टेबलाचा खण उपसला तेव्हा ती घासलेली, कोपरा चेपलेली पेटी निघाली. टाकून दे म्हणाले तर त्याने ती बॅगेत घातली. कशाला, ते मी विचारलं नाही. दिवाळीला तो येऊ शकणार नव्हता, म्हणून मी त्याच्यासाठी सदरा शिवायला घेतला. जुन्या सदऱ्यावरून माप धरलं, बाहीला दोन बोटं वाढवली, मग वाटलं नको, एकच वाढवावं, मग पुन्हा दोन केली. पार्सल पोचल्यावर त्याने फोटो पाठवला. खांदे बरोबर बसले होते. बाही मात्र मनगटाच्या वर राहिली होती, चांगली चार बोटं.